ऑइल बदलल्यावर इंजिन बसले तर : नव्या गाडीमालकांसाठी मार्गदर्शन

इंजिन ऑइल बदलणे हे गॅरेजमधले सर्वांत सोपे काम समजले जाते, आणि म्हणूनच ते बहुधा तिथल्या सर्वांत नवख्या पोराच्या वाट्याला येते. चेंबरखालचा (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्याखालचा) बोल्ट काढायचा, जुने ऑइल गळू द्यायचे, फिल्टर बदलायचा, बोल्ट परत लावायचा आणि वरून नवे ऑइल भरायचे, एवढेच ते काम. मात्र यांतील एक पायरी जरी चुकली तरी इंजिन बसू शकते, म्हणजे आतून जाम होऊ शकते. मग ते उघडण्याची वेळ येते आणि तो खर्च ऑइलच्या बिलाच्या कित्येक पट असतो. ज्यांनी नुकतीच पहिली गाडी घेतली आहे, ज्यांना बॉनेटखालचे फारसे कळत नाही आणि ज्यांच्यावर हा प्रसंग ओढवला आहे किंवा ओढवू शकतो, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

चूक कुठे होते

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे चेंबरचा बोल्ट नीट न आवळला जाणे. इंजिनाच्या थरथरण्याने सैल बोल्ट हळूहळू फिरत जातो. आधी थेंब थेंब गळती होते आणि मग एखाद्या दिवशी बोल्टच रस्त्यावर पडतो. याच्या उलट, ताकद लावून गरजेपेक्षा जास्त आवळल्यास ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. असा बोल्ट हाताला घट्ट लागतो, पण प्रत्यक्षात त्याला धरून ठेवणारे काही उरलेले नसते. बोल्टखालचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर दर वेळी नवा घालायचा असतो. तो थोडे पैसे वाचवण्यासाठी पुष्कळदा पुन्हा जुनाच घातला जातो, म्हणून बिलात नव्या वॉशरची नोंद आहे का ते पाहावे.

दुसरी चूक फिल्टरची. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग कधीकधी इंजिनालाच चिकटून राहते, आणि ती न पाहता नवा फिल्टर चढवला की एकावर एक दोन रिंगा बसतात. गाडी उभी असताना काही दिसत नाही, परंतु इंजिन जोरात फिरून ऑइलचा दाब वाढला की वरची रिंग बाहेर ढकलली जाते आणि पाहता पाहता सगळे ऑइल फवाऱ्यासारखे बाहेर पडते.

तिसरा प्रकार विसराळूपणाचा आहे. जुने ऑइल काढले, तेवढ्यात दुसरे गिऱ्हाईक आले, आणि नवे भरायचे राहूनच गेले. किंवा इंजिनाऐवजी गिअरबॉक्सचा बोल्ट उघडून गिअर ऑइल सांडले आणि इंजिनात मात्र जुन्यावर नवे ओतले. वाचताना हसू येते, पण हे घडते. जास्त भरलेले ऑइलही निरुपद्रवी नसते, कारण फिरणारा क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, ते घुसळतो, त्याचा फेस होतो, आणि फेसाळलेल्या ऑइलला धातूंमध्ये थर धरता येत नाही.

चुकीच्या ग्रेडचे ऑइल हा चौथा आणि सिद्ध करायला सर्वांत अवघड प्रकार. मोटरसायकलचा क्लच बहुधा ऑइलमध्येच बुडालेला असतो, म्हणून तिला जासो या जपानी मानकाच्या एमए किंवा एमए-२ प्रकारचे ऑइल लागते. त्यात कारचे ऑइल टाकले तर क्लच घसरू लागतो. बीएस-६ या प्रदूषण निकषाच्या डिझेल गाडीच्या धूरगाळणीला कमी राख सोडणारे ऑइल हवे असते. आपल्या गाडीला काय लागते ते मेस्त्रीला विचारू नये. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत ग्रेड आणि प्रमाण दोन्ही छापलेले असते, ते पान मोबाइलवर टिपून ठेवावे.

गॅरेज सोडण्यापूर्वीची दहा मिनिटे

शक्य असेल तर ऑइल बदलताना समोर उभे राहावे. डबा सीलबंद आहे का ते पाहून तो आपल्या डोळ्यांदेखत उघडायला सांगावा. अनेक लहान पेट्रोल कारच्या इंजिनात साधारण तीन ते साडेतीन लिटर ऑइल बसते, तर स्कूटरला एक लिटरही लागत नाही. म्हणजे किती डबे रिकामे झाले हे मोजले तरी बरेच समजते. काम झाल्यावर इंजिन एक-दोन मिनिटे चालवून बंद करावे, गाडी सपाट जागी पाच-दहा मिनिटे उभी ठेवावी आणि मग डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) पुसून, पुन्हा घालून, पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे याची खात्री करावी. वाकून चेंबरखाली आणि फिल्टरभोवती टॉर्च मारावा. हे करताना गॅरेजवाल्याच्या चेहऱ्यावर नाराजी दिसली तर दिसू द्यावी.

बिल मात्र घ्यावेच, आणि त्यावर गाडीचा क्रमांक, किलोमीटरची नोंद, ऑइलचे नाव, ग्रेड आणि प्रमाण असावे. 'बिल कशाला, आपला रोजचा माणूस' ही भाषा इंजिन बसेपर्यंत गोड वाटते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल किंवा पावती न देणे हीच एक अनुचित व्यापारी प्रथा आहे. तरीही बिल मिळालेच नसेल, तर यूपीआयने पैसे दिल्याची नोंद आणि वेळ ठरवतानाचे व्हॉट्सॲप संदेश जपून ठेवावेत.

त्या रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरावे. सकाळी कागदावर गोल डाग दिसला तर गाडी सुरू न करता गॅरेजला फोन करावा. शंभरएक किलोमीटर झाल्यावर डिपस्टिक पुन्हा एकदा पाहावी. इतके केले तर या लेखाचा पुढचा भाग बहुतेकांना लागणार नाही.

लाल दिवा म्हणजे काय

शिवणयंत्राला तेल घालायची चोचीची डबी असते, तिच्यासारखे चित्र असलेला लाल दिवा डॅशबोर्डवर असतो. नव्या चालकांचा समज असा होतो की पेट्रोलच्या दिव्याप्रमाणे हा 'ऑइल कमी झाले, सवडीने भरा' असे सांगतो आहे. तो समज घातक आहे. हा दिवा ऑइलची पातळी नव्हे, तर दाब दाखवतो, आणि तो लागतो तेव्हा दाब जवळजवळ संपलेला असतो.

दाब का महत्त्वाचा, हे समजून घेण्यासारखे आहे. इंजिनातला क्रँक त्याच्या बेरिंगच्या शेलवर (दांड्याभोवतीच्या गुळगुळीत कवचावर) प्रत्यक्ष टेकून फिरत नाही. त्या दोहोंमध्ये केसापेक्षाही पातळ असा ऑइलचा थर असतो आणि क्रँक त्या थरावर तरंगत फिरतो. पंपाकडून ऑइल येणे थांबले की थर तुटतो, धातू धातूला घासतो, शेलचा मऊ मुलामा तापून फासला जातो आणि आतून 'खट-खट' असा आवाज येऊ लागतो. त्यानंतरही इंजिन फिरत राहिले तर शेल आपल्या जागेवरून फिरतो किंवा क्रँकला चिकटतो, आणि इंजिन जाम होते. टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) असलेल्या गाडीत पहिला बळी बहुधा टर्बोचा जातो, कारण त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि त्याचे बेरिंगही याच ऑइलवर जगते. हे सगळे व्हायला तास लागत नाहीत. काही मिनिटे पुरतात.

माझ्या स्वतःच्या गाडीचे असेच झाले. पुण्यात ऑइल बदलून तिसऱ्या दिवशी साताऱ्याला निघालो होतो. शिरवळ मागे पडले तोवर सर्व ठीक होते, आणि खंबाटकी घाटाच्या चढाला एका वळणावर लाल दिवा क्षणभर लागून विझला. पुढच्या वळणावर पुन्हा तसेच झाले. वायरीचा काही घोटाळा असेल असे मानून मी घाटमाथा गाठायचे ठरवले. कारण नंतर समजले : वळणावर चेंबरमधले उरलेसुरले ऑइल एका बाजूला कलते, पंपाच्या नळीचे तोंड उघडे पडते आणि पंप ऑइलऐवजी हवा ओढतो, गाडी सरळ झाली की ऑइल परत येते आणि दिवा विझतो. म्हणजे लुकलुकणारा दिवा हा बिघडलेला दिवा नसून शेवटचा इशारा असतो. मला तो कळेपर्यंत खटखट सुरू झाली होती, आणि त्या दीड-दोन किलोमीटरचा हिशेब पुढे गॅरेजवाल्याने माझ्याविरुद्ध मांडला.

म्हणून नियम एकच : दिवा लागला किंवा लुकलुकला, की ॲक्सिलरेटर सोडावा, इंडिकेटर देऊन सुरक्षित कडेला यावे आणि लगेच इंजिन बंद करावे. मात्र गाडी चालती असताना इंजिन बंद करू नये, कारण स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात.

गाडी उभी राहिल्यावर

आता दोन मोह होतील आणि दोन्ही टाळायचे आहेत. पहिला म्हणजे 'एकदा स्टार्ट करून पाहू'. दुसरा म्हणजे जवळच्या दुकानातून ऑइलचा डबा आणून ओतणे, आणि रस्त्यावर जमलेली मंडळी हाच सल्ला देतात. आवाज येऊन गेलेल्या इंजिनाला नवे ऑइल वाचवत नाही. उलट आत किती ऑइल उरले होते हा सर्वांत मोलाचा पुरावा त्या एका डब्याने पुसला जातो.

त्याऐवजी मोबाइल हातात घ्यावा. डॅशबोर्डवरील किलोमीटरचा आकडा आणि पेटलेले दिवे, डिपस्टिकची कोरडी किंवा ओली पट्टी, गाडीमागे रस्त्यावर पडलेला ऑइलचा पट्टा, चेंबरचा खालचा भाग आणि फिल्टरची बाजू यांचे फोटो आणि सलग व्हिडिओ घ्यावेत. चेंबरच्या तळाचा फोटो विशेष स्पष्ट हवा, कारण 'तुमच्या चेंबरला दगड लागला असेल' हा बचाव ठरलेला असतो. तळाला ठोका किंवा चीर नाही हे दिसले की तो बचाव तिथेच संपतो. बोल्ट जागेवर नसेल तर त्याच्या भोकाचे आटे शाबूत आहेत का तेही टिपावे. बोल्ट सापडला तर तो पिशवीत घालून स्वतःजवळ ठेवावा. त्याच्या आट्यांमध्ये ॲल्युमिनियमचे चकचकीत तारेसारखे तुकडे अडकलेले असतील, तर आटे गेल्याचे ते थेट चिन्ह आहे.

राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते. विम्यात रस्त्यावरील मदतीची सोय घेतली असेल तर टोइंग त्यातूनही होते. गाडी शक्यतो त्याच गॅरेजकडे न नेता घरी, किंवा कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्यावी. ओळखीतले गॅरेज असले तरी माझे मत हेच आहे, कारण ज्याच्या चुकीची तपासणी करायची त्याच्याच अंगणात पुरावा ठेवणे हे त्याच्यावरही अन्याय करणारे असते. उद्या काही गायब झाले तर संशय त्याच्यावरच जातो.

इंजिन उघडण्यापूर्वी

हा टप्पा घाईने उरकला जातो आणि बहुतेक दावे इथेच कमजोर होतात. गाडीवाचून अडते, नवे गॅरेज 'दोन दिवसांत खोलून देतो' म्हणते आणि आपण होकार देतो. थोडे थांबावे.

प्रथम जुन्या गॅरेजला लेखी कळवावे : अमुक तारखेला आपण ऑइल बदलले, अमुक किलोमीटरनंतर इंजिन बंद पडले, अमुक दिवशी अमुक ठिकाणी इंजिन उघडले जाणार आहे, आपण किंवा आपला माणूस उपस्थित राहावा. व्हॉट्सॲप आणि ईमेलबरोबर हेच पत्र स्पीड पोस्टनेही पाठवून पावती जपावी. ते आले तर चांगले. न आल्यास 'आम्हाला पाहूच दिले नाही' असे त्यांना पुढे म्हणता येणार नाही.

दुसरे, तटस्थ तज्ज्ञाची सोय करावी. मोटार विम्याचे परवानाधारक सर्व्हेअर किंवा चार्टर्ड इंजिनिअर शुल्क घेऊन पाहणी करतात आणि सहीशिक्क्याचा अहवाल देतात. सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो, त्यामुळे हा खर्च टाळू नये. इंजिन बसले एवढे दाखवून भागत नाही. ते ऑइल गेल्यामुळे बसले आणि ऑइल त्या कामातील चुकीमुळे गेले, ही साखळी अहवालात कडी-कडीने जोडलेली हवी.

उघडण्याच्या दिवशी उरलेले ऑइल मापाच्या भांड्यात काढून मोजावे. पुस्तिकेत तीन लिटर लिहिलेले असताना पाऊण लिटर निघाले, तर तो एक आकडा दहा परिच्छेदांचे काम करतो. चुकीच्या ग्रेडचा किंवा बनावट ऑइलचा संशय असेल तर कोरड्या, स्वच्छ बाटल्यांत दोन नमुने घेऊन, त्यांवर तारीख आणि उपस्थितांच्या सह्यांची चिठ्ठी लावून ते सील करावेत. एक प्रयोगशाळेसाठी, दुसरा राखीव. ऑइलचा दाटपणा आणि त्यात मिसळलेले लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम यांचे प्रमाण मोजून देणाऱ्या एनएबीएल या राष्ट्रीय संस्थेची मान्यता असलेल्या प्रयोगशाळा आहेत. त्यानंतर चेंबरमधला चुरा, बेरिंगचे शेल, क्रँकवरचे ओरखडे, फिल्टर आणि त्याच्या रिंगा यांचे फोटो घ्यावेत, आणि बदललेले सर्व जुने भाग घरी आणावेत. नव्या गॅरेजला ते आधीच सांगून ठेवावे, नाहीतर संध्याकाळी ते भंगारात गेलेले असतात.

गॅरेजशी बोलणी

सुरुवात शांतपणे करावी. लहान गॅरेजचा मालक बहुधा मनातून ओळखतो की चूक कुठे झाली, आणि समोर आरडाओरडा नसेल तर तडजोडीला तयारही होतो. तडजोड झाली तर ती कागदावर उतरवावी : कोणते भाग नवे, कोणते जुने, मजुरी कोणाची, किती महिन्यांची किंवा किलोमीटरची हमी, आणि गाडी कोणत्या तारखेला मिळणार. 'सेकंडहँड इंजिन टाकून देतो' असा प्रस्ताव आल्यास ते कोणत्या गाडीतले, हे विचारावेच. इंजिन क्रमांक बदलला की आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागते.

विम्याकडून इथे फारशी आशा नसते. साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो. इंजिन संरक्षणाचे पूरक कलम घेतले असले तरी ते मुख्यतः पाणी शिरणे किंवा गाडीच्या तळाला धक्का लागून ऑइल गळणे यांसाठी असते. तरी पॉलिसीची भाषा वाचून विमा कंपनीला लगेच कळवून ठेवण्यात तोटा नाही. वॉरंटीतल्या गाडीचे ऑइल बाहेर बदलले असेल तर कंपनीही हात वर करण्याची शक्यता अधिक.

तक्रार कशी करावी

बोलणी फिसकटली तर पहिली पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची : १९१५. येथे मराठीतूनही तक्रार नोंदवता येते आणि ती समोरच्या पक्षाकडे पाठवली जाते. मात्र हेल्पलाइन निकाल देत नाही. निकालासाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडेच जावे लागते. त्याआधी पंधरा दिवसांची मुदत देणारी नोटीस पाठवण्याचा रिवाज आहे. ती वकिलाकडूनच गेली पाहिजे असे नाही.

२०१९ च्या कायद्याने सामान्य माणसासाठी काही गोष्टी सोप्या केल्या आहेत. आपण राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. त्यामुळे नाशिकच्या माणसाची गाडी पुण्याच्या गॅरेजने बिघडवली तर त्याला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. शुल्क मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर ठरते आणि ती पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क शून्य आहे. ऑइल बदलाचे बिल त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. वकील नेमण्याची सक्ती नाही, आणि ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्याही अर्ज भरता येतो. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी टॅक्सी किंवा रिक्षा चालवणारी व्यक्तीही ग्राहक ठरते, हे त्या चालकांनी लक्षात ठेवावे, कारण 'तुमची गाडी धंद्याची आहे' असे सांगून त्यांना परतवले जाते.

अर्जात घटना तारीखवार लिहाव्यात, विशेषणे टाळावीत. सोबत बिल, पैसे दिल्याचा पुरावा, सर्व्हिसचा जुना इतिहास, फोटो, तज्ज्ञाचा अहवाल, दुरुस्तीचे बिल, टोइंगची पावती, आणि त्या काळात रिक्षा-टॅक्सीवर झालेल्या खर्चाचा हिशेब जोडावा. मोबाइलवरील फोटो, व्हिडिओ आणि संदेश सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र (या नोंदी कोणत्या उपकरणातून कशा घेतल्या हे सांगणारे) जोडावे. मूळ फाइल फोनमधून पुसू नये. दिवा लागल्यावरही आपण काही अंतर गाडी चालवली असेल तर ते लपवू नये. माझ्या बाबतीत ते मी नोटिशीतच लिहिले होते, आणि शेवटी दुरुस्तीच्या खर्चाचा काही भाग मी सोसावा, उरलेला गॅरेजने द्यावा असे आयोगात जाण्यापूर्वीच ठरले. लपवले असते तर उलटतपासणीत तेच बाहेर आले असते.

आयोग प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतो. कायद्याने तीन महिन्यांत, आणि तपासणी लागत असल्यास पाच महिन्यांत निकालाचा प्रयत्न करायला सांगितले आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात, तेव्हा गाडी दुरुस्त करून घेण्यासाठी निकालाची वाट पाहू नये. निकाल मान्य नसल्यास ४५ दिवसांच्या आत राज्य आयोगाकडे अपील करता येते.

दुरुस्तीनंतर

उघडून बांधलेल्या इंजिनात नवे भाग एकमेकांवर बसताना बारीक कीस सुटतो, म्हणून पहिले ऑइल आणि फिल्टर नेहमीच्या मुदतीपर्यंत थांबू न देता मेस्त्रीने सांगितलेल्या लवकरच्या किलोमीटरवर, साधारणपणे हजाराच्या आत, बदलावे लागतात. निघालेले ऑइल पांढऱ्या कागदावर ओतून उजेडात तिरपे धरावे. थोडी चमक अपेक्षित असते. नखाला जाणवतील असे कण असतील तर गाडी तिथेच ठेवून हमीचा कागद काढावा. आणि या वेळी बोल्ट आवळताना गाडीमालकाने चहाला जाऊ नये. वॉशर नवा घातला का ते पाहावे, पाना टॉर्कचा (ठरावीक जोरापर्यंतच आवळू देणारा) वापरायला सांगावा आणि निघण्याआधी डिपस्टिक स्वतःच्या हाताने काढून पाहावी.